करन्सी कन्व्हर्टरवरचा आकडा आणि खात्यातून जाणारे पैसे: टप्प्याटप्प्याने हिशेब

मे-जूनपासून फोन सुरू होतात. मुलगा किंवा मुलगी जर्मनीला निघालेली असते, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी उघडायचं खातं, ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) पैसे भरायचे असतात आणि वडील सांगतात, "मोबाइलवर बघितलं, एवढे रुपये होतात, तेवढे खात्यात ठेवलेत." बहुतेक वेळा ते पैसे कमी पडतात. कन्व्हर्टर खोटं सांगत नाही, पण आपण त्याला जे विचारतो त्याचं उत्तर तो देत नाही. आपला प्रश्न असतो "माझ्या खात्यातून किती जातील?" आणि तो दाखवतो बाजारातल्या खरेदी-विक्रीच्या दरांचा मधला दर. त्या दराने तुम्हा-आम्हाला कोणी युरो विकत नाही.

या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेणार आहे: पुण्याहून जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटला ११,९०४ युरो पाठवणे. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाला ही रक्कम, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, दाखवावी लागते. अर्ज करायच्या आठवड्यात वकिलातीच्या संकेतस्थळावर आकडा पुन्हा बघून घ्या. गणित सोपं राहावं म्हणून १ युरो = १०० रुपये धरतोय. हा आजचा दर नाही, फक्त हिशेबापुरता आहे.

## आधी कागदावर चार ओळी

कन्व्हर्टर उघडण्याआधी हे लिहून ठेवा:

- कोणत्या देशाच्या चलनात पैसे पोहोचायला हवेत.
- कोणता आकडा पक्का आहे: पोहोचणारे युरो की जाणारे रुपये.
- पैसे कशाने जाणार: बँकेतून, कार्डाने की नोटांनी.
- शेवटची तारीख कोणती. पैसे पाठवायची नाही, पोहोचायची.

तिसरी ओळ सर्वात जास्त जणांची राहून जाते. त्याच दिवशी, त्याच बँकेत या तिन्ही मार्गांचे दर वेगवेगळे असतात. मार्ग ठरला नसेल तर कन्व्हर्टर बघून फारसं काही हाती लागत नाही.

## १. चलनाचा कोड बघा, चिन्हावर जाऊ नका

प्रत्येक चलनाला तीन अक्षरी कोड असतो: रुपयाला आयएनआर, युरोला ईयूआर, अमेरिकी डॉलरला यूएसडी. यादीतून निवडताना हा कोड वाचा. डॉलरचं चिन्ह ऑस्ट्रेलिया, कॅनडा, सिंगापूर, हाँगकाँग आणि न्यूझीलंडही वापरतात. सिडनीच्या विद्यापीठाची फी अमेरिकी डॉलर समजून काढली तर रुपयांचा आकडा भलताच फुगतो, आणि लोक घाबरून नको तेवढं कर्ज मागतात.

आणखी काही घोळ नेहमीचे आहेत. आयएनआर आणि आयडीआर यांत एकाच अक्षराचा फरक आहे. आयडीआर म्हणजे इंडोनेशियाचा रुपिया. बालीला जाणारे इथे फसतात. 'रुपी' असं शोधलं की नेपाळ, श्रीलंका, पाकिस्तान, मॉरिशस सगळ्यांचे रुपये समोर येतात. ओमानचा रियाल, सौदीचा रियाल आणि इराणचा रियाल यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तपासणी: कन्व्हर्टर नवा असेल किंवा शंका असेल तर दोन ठरीव दर टाकून बघा. १ अमेरिकी डॉलर म्हणजे ३.६७ दिरहॅम (यूएईचा दर ३.६७२५ ला बांधलेला आहे) आणि १ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये. उत्तर यापासून लांब आलं तर कोड चुकला आहे किंवा ते साधनच बंद करण्याच्या लायकीचं आहे. मात्र दर ताजा आहे की शिळा हे यातून कळत नाही. ते पुढे चौथ्या टप्प्यात.

## २. आकडा टाइप करताना टिंब आणि स्वल्पविराम

जर्मनीच्या उदाहरणात खरा सापळा इथे आहे. जर्मन लोक हजारासाठी टिंब देतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम. तिकडच्या कागदावर रक्कम ११.९०४,०० अशी छापलेली असते. ती जशीच्या तशी उचलून कन्व्हर्टरमध्ये चिकटवली तर काही साधनं तिला अकरा पूर्णांक नऊशे चार सहस्रांश युरो समजतात आणि उत्तर बाराशेच्या आसपास रुपये येतं. हे लगेच लक्षात येतं, कारण आकडा हास्यास्पद दिसतो. पण कागदावर "९९,५० युरो" असेल आणि साधनाने स्वल्पविराम गाळून ९,९५० धरले, तर परदेशातल्या खर्चाचा अंदाज नसलेला माणूस तो आकडा खराही मानेल.

त्यामुळे आकडा कधीही चिकटवू नका. हाताने, टिंब-स्वल्पविराम न देता टाइप करा: ११९०४.

उत्तर वाचतानाही तसंच. बरीच साधनं तीन-तीन अंकांचे गट पाडतात, म्हणून उत्तर १,१९०,४०० असं दिसतं. आपली नजर लाख-कोटीला सरावलेली. घाईत हे "एक लाख एकोणीस हजार" वाचलं जातं, आणि मी ते वाचताना ऐकलेलं आहे. कागदावर स्वल्पविराम काढून आपल्या पद्धतीने परत लिहा: ११,९०,४००. अकरा लाख नव्वद हजार चारशे.

कुवेत, बहरीनचा दिनार आणि ओमानचा रियाल यांना दशांशानंतर तीन अंक असतात. १ दिनार म्हणजे १,००० फिल्स. मस्कतहून येणारी रक्कम १२५.५०० अशी दिसली तर ती सव्वा लाखाच्या घरातली नाही, ते साडेएकशे पंचवीस रियालच आहेत.

## ३. कोणत्या खान्यात टाइप करायचं

कागदावरची दुसरी ओळ इथे लागते. युरो पक्के असतील तर ११९०४ हा आकडा युरोच्या खान्यात टाका आणि रुपये उत्तर म्हणून येऊ द्या. पुष्कळ जण उलटं करतात. रुपयांच्या खान्यात बारा लाख टाकतात, युरोचं उत्तर ११,९०४ च्या वर आलं की "पुरतात" म्हणून मोकळे होतात. मधल्या दराने पुरणारे बारा लाख बँकेच्या दराने पुरतीलच असं नाही.

बँकेच्या फॉर्मवरही तेच. ए-टू फॉर्ममध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या अर्जात, रक्कम परकीय चलनात लिहा. "बारा लाखांचे जेवढे युरो होतील तेवढे पाठवा" असं सांगितलंत तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये नेमके किती पडतील हे तुमच्या हातात राहत नाही.

## ४. दराची वेळ बघा

उत्तराच्या खाली बारीक अक्षरात दिनांक आणि वेळ असते. ती बहुधा यूटीसी किंवा जीएमटीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. १२:३० यूटीसी म्हणजे आपले संध्याकाळचे सहा.

शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असतो. त्या दिवशी दिसतो तो शुक्रवारचा दर. आपल्याकडे घरातले हिशेब नेमके रविवारी होतात, सगळे जमलेले असतात म्हणून. हिशेब रविवारी करा, पण सोमवारी बाजार उघडल्यावर आकडा पुन्हा काढा.

सावध: मोबाइलवरचं ॲप नेट नसतानाही दर दाखवत राहतं. तो शेवटचं नेट होतं तेव्हाचा असतो. ब्राउझरमध्ये उघडं राहिलेलं जुनं पान हाही तोच प्रकार. बघण्याआधी पान ताजं करा.

## ५. दुसऱ्या ठिकाणी पडताळा

एकाच साधनावर विसंबू नका, मग ते कितीही मोठ्या कंपनीचं असो. २०२४ च्या १ जानेवारीला गूगलवर पोलंडचा झ्लॉटी प्रचंड कोसळलेला दिसत होता. सुटीमुळे बाजार बंद होते आणि दर प्रत्यक्षात जागेवर होता. चूक दाखवल्या जाणाऱ्या आकड्यात होती. शेवटी तिथल्या अर्थमंत्र्यांना लोकांना शांत राहायला सांगावं लागलं.

डॉलर, युरो, पाउंड आणि येन यांच्यासाठी आपल्याकडे चांगला आधार आहे. फायनान्शिअल बेंचमार्क्स इंडिया, म्हणजे एफबीआयएल, कामकाजाच्या दर दिवशी दुपारी संदर्भ दर जाहीर करते. जुलै २०१८ पर्यंत हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करत होती. कन्व्हर्टर आणि हा दर यांत थोड्या पैशांचा फरक असणारच, कारण वेळ वेगळी. रुपया-दोन रुपयांचा फरक दिसला तर थांबा आणि तारीख तपासा.

## ६. आता बँकेचा दर, आणि त्यातला योग्य रकाना

लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. इथे घाई करू नका.

बँका रोज सकाळी दरपत्रक काढतात. त्याला फॉरेक्स कार्ड रेट म्हणतात. इथला 'कार्ड' म्हणजे दरांचं पत्रक, आपलं क्रेडिट कार्ड नव्हे. त्यात एका चलनासमोर चार-सहा आकडे असतात. टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर, बँकेतून बँकेत जाणारे पैसे. आपल्या धरलेल्या दराप्रमाणे एक ओळ साधारण अशी दिसेल:

- टीटी बायिंग: ९८.५०
- टीटी सेलिंग: १०२.००
- नोटा, बायिंग: ९६.००
- नोटा, सेलिंग: १०४.५०

खरेदी-विक्री हे शब्द बँकेच्या बाजूने लिहिलेले असतात. आपण जर्मनीला पैसे पाठवतो तेव्हा बँक आपल्याला युरो विकते, म्हणून आपला रकाना टीटी सेलिंग. दुबईहून भावाने पाठवलेले दिरहॅम बँक विकत घेते, तेव्हा टीटी बायिंग. हातात युरोच्या नोटा हव्या असतील तर नोटांचा सेलिंग दर, आणि तो सर्वात महाग पडतो. येनचा दर पत्रकात १०० येनला दिलेला असतो. तो १ येनचा समजू नका.

आता कन्व्हर्टरचा खरा उपयोग. त्याचा दर मोजपट्टी म्हणून ठेवा आणि बँक त्याच्या वर किती घेते ते काढा:

(बँकेचा दर − कन्व्हर्टरचा दर) ÷ कन्व्हर्टरचा दर × १००

आपल्या उदाहरणात (१०२ − १००) ÷ १०० × १०० = २ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. रुपयांत बघा:

- कन्व्हर्टरप्रमाणे: ११,९०४ × १०० = ११,९०,४०० रुपये
- टीटी सेलिंगने: ११,९०४ × १०२ = १२,१४,२०८ रुपये
- फरक: २३,८०८ रुपये

हा फरक पावतीवर कुठेही 'शुल्क' म्हणून दिसत नाही. "झिरो कमिशन" अशी पाटी लावणाऱ्यांची कमाई बहुधा इथेच दडलेली असते. म्हणून कमिशन किती हे विचारू नका. "११,९०४ युरो पोहोचायला हवेत, सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जातील?" हा प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.

दोन ठिकाणची उत्तरं तोलताना रक्कम लहान की मोठी हे बघा. समजा पहिली बँक १०२ चा दर आणि ५०० रुपये शुल्क घेते, दुसरी १०१ चा दर आणि २,५०० शुल्क. ११,९०४ युरोंना पहिलीकडे १२,१४,७०८ लागतात, दुसरीकडे १२,०४,८०४. दुसरी ९,९०४ रुपयांनी स्वस्त. पण २०० युरोंची परीक्षा फी भरायची असेल तर पहिली २०,९०० घेते आणि दुसरी २२,७००. मोठ्या रकमेला दर महत्त्वाचा, लहान रकमेला शुल्क.

आणि एक सांगतो: दरपत्रकावरचा आकडा दगडावरची रेघ नसतो. रक्कम काही लाखांत असेल तर शाखेतल्या फॉरेक्स बघणाऱ्या अधिकाऱ्याला "ट्रेझरीकडून (बँकेच्या चलन-व्यवहार विभागाकडून) बरा दर मिळतो का" असं सरळ विचारा. पन्नास पैसे कमी झाले तरी आपल्या उदाहरणात ५,९५२ रुपये वाचतात. विचारायला संकोच करणारे पालक मी खूप बघितलेत. हे पैसे तुमच्या कष्टाचे आहेत, विचारा.

## ७. दरावर चढणाऱ्या गोष्टी

जीएसटी. हा पूर्ण रकमेवर १८ टक्के लागत नाही. ही भीती उगाच पसरली आहे. चलन बदलण्याच्या सेवेचं एक ठरीव मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के. मूल्य असं: १ लाखापर्यंत रकमेच्या १ टक्का, पण किमान २५० रुपये. १ लाख ते १० लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक वरच्या रकमेच्या ०.५ टक्के. १० लाखांवर ५,५०० अधिक वरच्या रकमेच्या ०.१ टक्का, कमाल ६०,०००. आपल्या १२,१४,२०८ रुपयांवर मूल्य होतं ५,७१४ आणि जीएसटी सुमारे १,०२९ रुपये.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक सरकारसाठी गोळा करते तो कर. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर, सगळ्या बँका मिळून, १० लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस नाही. त्यावरच्या भागावर, इथे २,१४,२०८ रुपयांवर, पाठवण्याच्या कारणानुसार दर लागतो. बँक किंवा मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी जात असेल तर लागत नाही. दर अर्थसंकल्पांत बदलत आले आहेत, म्हणून पाठवायच्या आठवड्यात बँकेकडून लेखी घ्या. हा खर्च नाही, तुमच्या नावे जमा झालेला कर आहे. विवरणपत्रात तो वळता करता येतो. पण बँक तो आधीच कापते, त्यामुळे त्या दिवशी खात्यात तेवढे पैसे असावेच लागतात.

बँकेचं शुल्क आणि वाटेतल्या बँका. पैसे स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेतून, जाताना मध्ये एखादी बँक लागते आणि ती आपला वाटा कापते. फॉर्मवर तीन पर्याय असतात: ओयूआर म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याचं, एसएचए म्हणजे आपल्या बँकेचं शुल्क पाठवणाऱ्याचं आणि पुढचं घेणाऱ्याचं, बीईएन म्हणजे घेणाऱ्याचं. पूर्ण रक्कम पोहोचायलाच हवी असेल तर ओयूआर.

माझ्या भाचीच्या वेळी आम्ही दोन्हीकडे अडकलो. रविवारी रात्री कन्व्हर्टर बघून मेहुण्यांनी खात्यात बरोबर तेवढेच पैसे ठेवले. सोमवारी बँकेत जवळपास पंचवीस हजार कमी पडले, एफडी मोडण्यात दोन दिवस गेले. मग पैसे गेले ते एसएचएने, कारण फॉर्मवर ती खूण आधीच केलेली होती आणि कोणी वाचली नाही. तिकडे १८ युरो कमी जमा झाले. अठरा युरोंसाठी खात्याचं प्रमाणपत्र अडकलं, ते १८ युरो पाठवायला परत शुल्क भरलं, आणि व्हिसाची तारीख चार दिवसांवर आली तेव्हा ती पोर जेवायला बसत नव्हती. म्हणून मी प्रत्येकाला तो फॉर्म स्वतः वाचायला लावतो.

## ८. खात्यात किती ठेवायचं

आता एकेक ओळ खाली मांडा: टीटी सेलिंगने आलेले रुपये, जीएसटी, बँकेचं शुल्क, ओयूआरचं शुल्क, लागू असेल तर टीसीएस. बेरजेवर आणखी २ ते ३ टक्के मोकळीक ठेवा, कारण दर तुम्ही फॉर्म दिला तेव्हाचा नसून बँक व्यवहार नोंदवते तेव्हाचा लागू होतो. दुपारी उशिरा दिलेला फॉर्म दुसऱ्या दिवशीच्या दराला जाऊ शकतो. शक्यतो मंगळवार ते गुरुवार, सकाळी जा.

तपासणी, सही करण्याआधी: रक्कम युरोत लिहिली आहे का? ओयूआरवर खूण आहे का? पर्पज कोड (पैसे पाठवण्याच्या कारणाचा कोड) शिक्षणाचा आहे का? लाभार्थ्याचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) कागदाशी अक्षर न् अक्षर जुळतो का? ब्लॉक्ड अकाउंट देणाऱ्या संस्थेने आपलं शुल्क धरून एकूण आकडा ११,९०४ पेक्षा जास्त कळवला असेल, तर तोच पाठवायचा आहे.

## कार्डाने देताना

इथे वरचं दरपत्रक लागू नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांची स्वतःची कन्व्हर्टर पानं आहेत. त्यांत व्यवहाराची तारीख आणि तुमच्या बँकेचा मार्कअप (दरावर चढवलेली तिची रक्कम) टक्क्यांत टाकला की खऱ्याच्या जवळचा आकडा मिळतो. बऱ्याच भारतीय कार्डांवर मार्कअप ३.५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. ८५ युरोंच्या बुटांवर आपल्या दराने ३५१ रुपये जास्त.

फ्रँकफर्टच्या दुकानात मशीनवर "आयएनआर की ईयूआर?" असं विचारलं तर ईयूआर दाबा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर दुकानाच्या बाजूने ठरलेला असतो आणि बहुतेक वेळा महाग असतो. एटीएमवरही "कन्व्हर्जन नको" हाच पर्याय.

## जुन्या तारखेचा दर हवा असेल तर

कन्व्हर्टरवर मागच्या तारखांचे दर मिळतात. घरच्या हिशेबाला ते चालतील. परदेशातल्या उत्पन्नाचं आयकर विवरणपत्र भरताना मात्र स्टेट बँकेचा टीटी बायिंग दर घेतात, आणि आयात मालाच्या सीमाशुल्काला सरकारने अधिसूचित केलेला वेगळा दर असतो. कोणत्या दिवसाचा दर घ्यायचा हे उत्पन्नाच्या प्रकारावर ठरतं, ते सीएला विचारा.

## पैसे गेल्यावर

त्याच दिवशी बँकेकडून स्विफ्ट कॉपी, म्हणजे पैसे पाठवल्याच्या संदेशाची प्रत, मागून घ्या आणि त्यात तीन गोष्टी बघा: पाठवलेली रक्कम, शुल्काचा पर्याय आणि लाभार्थ्याचा खाते क्रमांक. खात्यातून गेलेल्या रुपयांना पाठवलेल्या युरोंनी भागा. शुल्क आणि कर वगळून आलेला दर बँकेने ईमेलवर कळवलेल्या दराशी जुळायला हवा. जुळला नाही तर ईमेल आणि त्या दिवशीच्या दरपत्रकाची प्रत घेऊन त्याच आठवड्यात शाखेत जा. दरपत्रक दुसऱ्या दिवशी बदलतं, म्हणून त्याचा स्क्रीनशॉट सकाळीच काढून ठेवलेला असू द्या. तिकडे पैसे जमा झाल्याचा संदेश आला की जमा रक्कम सेंटपर्यंत तपासा आणि मगच व्हिसाच्या फाइलला हात घाला.